प्रकरण सातवे : तालुक्याचे रजिस्टर

तेल्हारा तालुक्यातल्या अडगावाजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज होती आणि तिच्या पुढे रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. दुसऱ्या बाजूला होता ऑर्थर वेलस्ली, पुढे ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागले. पुस्तकांत ही ‘आरगावची लढाई’ म्हणून येते. भोसले हरले आणि १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. सेनापतींची नावे, तोफांची संख्या, कोणती तुकडी कुठे उभी होती, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. ज्वारीच्या शेतांत पडलेल्या साध्या शिपायांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत, आणि त्यांच्या बायकापोरांचे पुढे काय झाले हे विचारण्याची तेव्हा रीतही नव्हती.

आज शिपायाचे नाव लिहिले जाते. भरतीच्या दिवशी त्याला नंबर मिळतो, रेकॉर्ड ऑफिसात त्याची फाइल उघडते आणि निवृत्तीनंतर पेन्शन पेमेंट ऑर्डर म्हणजे पीपीओ निघते. कायदे आहेत, निधी आहेत, योजना आहेत. तरीही हिवरखेड, बेलखेड किंवा दानापूरच्या एखाद्या घरात वीरपत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन्‌महिने थांबलेले असते, कारण फाइलीतले नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नाही. व्यवस्था दिल्ली, प्रयागराज, पुणे आणि अकोला इथे आहे. माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. मधले अंतर कोणी चालायचे? तालुक्यातल्या स्वयंसेवकांच्या सैनिक साहाय्य समितीचे हे काम. ती कशी उभी करायची, काय करायचे आणि काय करायचे नाही, ते या प्रकरणात पाहू.

व्यवस्थेचा नकाशा

समिती स्थापन करण्याआधी आपण कोणत्या साखळीची शेवटची कडी होणार आहोत ते नीट समजून घ्यावे. सर्वांत वर नवी दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड आहे आणि संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांनी ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ काढले, तिथून ही परंपरा सुरू होते. १९५१ मध्ये त्याच्या नावात नौसैनिक आणि हवाई सैनिक आले आणि १९७५ पासून आजचे नाव रूढ झाले. राज्यात पुण्याला सैनिक कल्याण विभाग आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हे सचिव. अकोल्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून ओळखपत्र, शिष्यवृत्ती, आर्थिक मदत, नोकरीसाठी नावनोंदणी आणि नावदुरुस्तीची कागदपत्रे पुढे जातात. गावोगाव फिरून लोकांना भेटणारा कर्मचारी म्हणजे कल्याण संघटक.

साखळी इथे संपते. तालुक्याला स्वतंत्र सैनिक कार्यालय नाही. तेल्हाऱ्याच्या माणसाला एका सहीसाठी एसटीने अकोल्याला जाऊन यायचे तर अख्खा दिवस मोडतो आणि एक कागद कमी पडला की दुसरा दिवसही. अकोला–खंडवा मार्गावरची मीटरगेज गाडी अडगाव, हिवरखेडवरून जायची. अकोटच्या पुढची ती गाडी रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाली. अकोटपर्यंत ब्रॉडगेज आली, पण या गावांना तिचा उपयोग नाही. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला हा प्रवास झेपत नाही. मग ती जात नाही आणि तिचा हक्क कागदावर पडून राहतो.

दुसरी साखळी पैशाची. निवृत्तिवेतन आता बहुतांश ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून दिले जाते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून चालतो. तिसरी साखळी रेकॉर्ड ऑफिसांची. ही वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ हवी. महार रेजिमेंटचा माणूस असेल तर पत्र मध्य प्रदेशातल्या सागरला जाईल, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला. गार्ड्सचे केंद्र कामठीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्यात खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यासाठी सरकारकडे पाठपुरावा केला होता. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेली १११वी महार पलटण १९२१ मध्ये मोडून टाकल्याचा सल त्या मागणीमागे होता. तेव्हा जुने घर दिसले की आजोबा कोणत्या पलटणीत होते, हा प्रश्न आधी विचारावा. उत्तरावरून पत्ता ठरतो.

कोण आत, कोण बाहेर

समितीच्या पहिल्याच बैठकीत वाद होतो तो ‘माजी सैनिक’ कोणाला म्हणायचे यावर. गावात खाकी किंवा हिरवी वर्दी घालून आलेला प्रत्येकजण ‘मेजर’ असतो. सरकारी व्याख्येत तसे नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी या दलांतून निवृत्त झालेले जवान माजी सैनिकांच्या व्याख्येत बसत नाहीत. ते गृहमंत्रालयाखाली येतात आणि त्यांच्यासाठी ‘कल्याण व पुनर्वसन मंडळ’ ही वेगळी यंत्रणा आहे. समितीने त्यांना परत पाठवू नये, पण पुढे सांगितलेल्या रजिस्टरमध्ये त्यांचे पान वेगळे असावे. चुकीच्या कार्यालयात केलेल्या अर्जाने माणसाचे सहा महिने जातात आणि मग त्याचा समितीवरचा विश्वासही जातो.

लष्करातल्या जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते. म्हणून बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतात: अंगात जोर, मुले शाळेत, शेत कोरडवाहू. त्यांची गरज नोकरीची. राज्य सरकारच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पुण्याचे माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को सुरक्षा रक्षक व इतर कामे देते. काहीजणांची सेवा मात्र पेन्शन बसण्याआधीच संपलेली असते. त्यांचा विचार पुढे येईल.

आता तिसरा गट येतो आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीर चार वर्षे सेवा करतो आणि त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होऊ शकतात. योजनेच्या अटींप्रमाणे बाकीच्यांना पेन्शन, ईसीएचएस ही आरोग्य योजना, कॅन्टीन यांपैकी काही नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. एकरकमी सेवानिधी मिळतो. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून भरू लागतात. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. ही पोरे बावीस-पंचवीस वर्षांची असतील. रजिस्टरमध्ये त्यांचे पान आजच उघडून ठेवावे आणि त्यांच्या परतीच्या वेळी भरतीच्या जाहिराती, वयोमर्यादेतली सूट आणि सेवानिधीची गुंतवणूक यांची माहिती तयार ठेवावी.

पहिले काम : रजिस्टर

नव्या समितीला पहिल्या महिन्यात बॅनर छापावासा वाटतो. त्याआधी दोनशे पानी वही घ्यावी. तालुक्यातल्या प्रत्येक गावातले माजी सैनिक, वीरपत्नी, वीरमाता-वीरपिता आणि सेवेतल्या जवानांची घरे तिच्यात यावीत. याद्या तयार मिळत नाहीत. शाळेचे मास्तर, पोस्टमन, अंगणवाडीताई, कोतवाल आणि कॅन्टीनला जाणारा एखादा निवृत्त हवालदार, एवढ्यांना धरले की गाव पूर्ण होते.

प्रत्येक पानावर पुढच्या गोष्टी हव्यात : आर्मी नंबर, हुद्दा, रेकॉर्ड ऑफिस, पीपीओ क्रमांक, बँक, मोबाइल कोणाचा आहे (बहुतेकदा नातवाचा असतो), जन्मतारीख, पत्नीचे नाव, मुलांची नावे आणि घरात कोणी अपंग मूल किंवा परत आलेली विधवा, घटस्फोटित मुलगी आहे का. शेवटचा प्रश्न लोकांना खटकतो, पण तो सर्वांत महत्त्वाचा. नियमांनुसार मानसिक किंवा शारीरिक अपंगत्वामुळे कमवू न शकणाऱ्या अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. आई-वडिलांवर अवलंबून असलेली अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी २५ वर्षांवरची असली तरी अटी पूर्ण केल्यास पात्र ठरते. आईवडील जिवंत असताना कागद झाले तर काम सरळ होते. ते गेल्यावर हेच काम वर्षानुवर्षे रेंगाळते.

जन्मतारखेचाही उपयोग आहे. वयाच्या ८०व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५व्या वर्षी ३०, ९०व्या वर्षी ४०, ९५व्या वर्षी ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. पण अनेक जुन्या पीपीओंवर पत्नीची जन्मतारीखच नसते. म्हणून वाढ लागत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रजिस्टरमध्ये ७९ वर्षांच्या लोकांची वेगळी यादी काढणे हे वर्षातून एकदा, अर्ध्या दिवसात होणारे काम आहे.

वही कुलपात ठेवावी. आधारच्या झेरॉक्स चहाच्या टपरीवर पडलेल्या दिसता कामा नयेत. पासवर्ड किंवा ओटीपी कार्यकर्त्याने लिहून घेऊ नये आणि विचारूही नये. हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली फोन करून ओटीपी काढणाऱ्या टोळ्या आहेत. समितीचाच माणूस ओटीपी मागू लागला तर म्हाताऱ्या माणसाला चोर आणि साव यांतला फरक कसा कळेल?

नावांचा घोळ

समितीकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत चिवट तक्रार नावाची. भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिले. लग्नानंतर बायकोचे नाव बदलले. काही घरांत माहेरचे, सासरचे आणि हाक मारायचे अशी तीन नावे असतात. सेवेत असताना लग्न, मूल, नावबदल यांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने व्हायची, सुट्टीवर आलेल्या जवानाने कागद युनिटला नेले नाहीत, तर नोंद झालीच नाही. पुढे तो निवृत्त झाला, वारला आणि मग कळले की रेकॉर्डमध्ये बायको सुमन आहे, आधारवर सुमनबाई आणि बँकेत सुमित्रा.

यावर उपाय आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. आधी सगळे कागद टेबलावर मांडून कोणते नाव कुठे आहे याचा तक्ता करावा. पीपीओ आणि डिस्चार्ज बुकवरचे नाव बरोबर असेल तर आधार आणि बँक त्याप्रमाणे बदलणे सोपे. रेकॉर्डच चुकले असेल तर प्रतिज्ञापत्र, विवाहाचा व जन्माचा पुरावा जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. काही वेळा राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. तो कधी लागतो ते आधी विचारूनच खर्च करावा. घाबरून आधी राजपत्र करणारे आणि मग त्यातच चूक निघणारे लोक तालुक्यात भेटतात.

नवरा जिवंत असतानाच ही तपासणी झाली पाहिजे. समितीने वर्षातून एकदा प्रत्येक घरी जाऊन फक्त एवढेच करावे : पती-पत्नीची नावे चार कागदांवर एकसारखी आहेत का ते पाहावे. या एका फेरीने पुढच्या अर्ध्या तक्रारी वाचतात.

नोव्हेंबर : कापूस आणि हयातीचा दाखला

बहुतेक जुन्या निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि वऱ्हाडात नोव्हेंबर हा कापूस वेचणीचा महिना. घरातली तरुण माणसे शेतात असतात, म्हाताऱ्यांना ऑनलाइन केंद्रावर नेणार कोण? दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. पुढे दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते हे खरे, पण मधले महिने उसनवारीवर जातात.

१० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला सुरू झाला. त्यात अंगठ्याचा ठसा लागायचा. आयुष्यभर निंदण, वेचणी केलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. “मशीन अंगठाच घेत नाही, भाऊ,” हे वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रावर ऐकू येते. २०२१च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आली आणि आता साध्या अँड्रॉइड फोनवर घरबसल्या काम होते. पोस्टमनही ठरलेले शुल्क घेऊन घरी येऊन दाखला काढून देतो.

इथे एक बारीक चूक पुष्कळदा होते. अर्ज भरताना पेन्शन मंजूर करणारे कार्यालय आणि पेन्शन देणारे कार्यालय असे दोन पर्याय निवडावे लागतात. केंद्रचालकाने घाईत राज्य सरकारचा किंवा जुन्या बँकेचा पर्याय निवडला, तर दाखला तयार होतो, पावती मिळते, घरचे निर्धास्त होतात आणि दाखला ‘स्पर्श’पर्यंत पोचतच नाही. जानेवारीत पेन्शन आली नाही की धावपळ सुरू. म्हणून पावतीवर विसंबू नये. आठवड्याभराने ‘स्पर्श’वर स्थिती तपासून रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करावी. समितीने ऑक्टोबरच्या शेवटी केंद्रचालकांची तासाभराची बैठक घेऊन कोणते पर्याय निवडायचे ते मराठीत छापून भिंतीवर लावले, तर हा प्रकार जवळपास बंद होतो.

माणूस गेल्यानंतरचे तीन महिने

माजी सैनिक वारला की पहिल्या दिवशी गाव जमते, तिरंगा येतो, भाषणे होतात. तेराव्यानंतर घर एकटे पडते. समितीचे काम तिथे सुरू होते. मृत्यूची नोंद आणि दाखल्याच्या प्रती मिळवणे, ‘स्पर्श’वर मृत्यूची माहिती देणे, पत्नीच्या नावाने कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करणे, संयुक्त खाते नसेल तर नवे खाते उघडणे, ही कामे क्रमाने येतात. मृत्यू कळवला नाही आणि पेन्शन खात्यात जमा होत राहिली, तर ती पुढे वसूल होते. काही घरांनी ती रक्कम दवाखान्याचे बिल किंवा तेरवीत खर्च करून टाकलेली असते. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत, पण शोक सांभाळून सांगावे. सांगायला वयस्कर स्त्री-कार्यकर्ती असेल तर उत्तम. तिच्यापुढे बाई मोकळेपणाने कागदाची पेटी उघडते.

निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास पत्नीला सामान्यतः शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के दराने सात वर्षे किंवा पती ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, आणि पुढे ३० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते. दर खाली आला की घरात घबराट होते, बँकेने पैसे खाल्ले असे वाटते. कारण आधीच सांगून ठेवले तर भांडण होत नाही. सेवेत असताना किंवा युद्धात वीरगती आली असेल तर दर आणि नियम वेगळे व अधिक उदार आहेत. ती फाइल समितीने स्वतः हाताळू नये, थेट कल्याण अधिकाऱ्यांसोबत बसून करावी.

आजारपणाचेही असेच. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना सुरू आहे. पॉलिक्लिनिककडून रेफरल घेऊन मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार होतात. तातडीच्या वेळी थेट दाखल होता येते, पण ठरलेल्या वेळेत कळवावे लागते. कार्ड पेटीत आणि रुग्ण अकोल्यात असे होऊ नये म्हणून कार्डाचा फोटो घरातल्या दोन फोनांत ठेवायला सांगावे.

ज्यांना पेन्शनच नाही

खरी गरिबी इथे सापडते. पेन्शन न बसता सुटलेले ६५ वर्षांवरचे हवालदार हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची दारिद्र्य साहाय्य योजना आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ही मदत महिना ४,००० वरून ८,००० रुपये झाली. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा दरडोई १,००० वरून २,००० झाली आणि मुलीच्या लग्नासाठीची ५०,००० वरून १ लाख रुपये. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. यांतल्या बहुतेक मदतींना मुदतीत अर्ज हवा आणि तो जिल्हा कार्यालयाने तपासून पुढे पाठवावा लागतो.

गावपातळीवरची सवलतही विसरू नये. २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका घराला मालमत्ता करात सूट दिली. ग्रामपंचायत आणि नगरपरिषद दोन्हीकडे ती लागू आहे, पण अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. ग्रामसेवकाला निर्णयाची प्रत दाखवावी लागते आणि ती प्रत समितीच्या पिशवीत नेहमी असावी.

धुऱ्याची भांडणे

सेवेतला जवान लडाखला असतो आणि इकडे शेजारी धुरा सरकवतो. पांदण रस्ता अडवतो. भाऊबंद वाटणीत सातबाऱ्यावरून नाव गाळतात. फोनवरून बायको रडते आणि जवानाचे लक्ष ड्युटीवर राहत नाही. जवानाचा कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतो. त्या पत्राचे पुढे तहसीलमध्ये काय झाले हे पाहणारा माणूस गावात हवा, आणि तो समितीने द्यावा. १९२५च्या भारतीय सैनिक (वाद) कायद्याने विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दावा निकाली निघू नये अशी तरतूद केली आहे. गावातल्या वकिलांनाही तो कायदा पुष्कळदा आठवत नाही.

२६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. तिच्यात सैनिक बोर्डांत विधी सहाय्य केंद्रे आणि माजी सैनिक किंवा त्यांच्या कुटुंबीयांतून विधी स्वयंसेवक नेमण्याची कल्पना आहे. तेल्हाऱ्याच्या समितीतल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराने हे प्रशिक्षण घेतले, तर तालुका विधी सेवा समिती आणि गाव यांच्यात दुवा तयार होतो. समितीने मात्र भावकीच्या भांडणात पंच होऊ नये. दोन्ही भाऊ माजी सैनिक निघाले तर काय करणार?

पैसा, पद आणि पुढारी

समित्या बहुधा कामामुळे नाही, पैशामुळे मोडतात. लोकांकडून देणगी घ्यायची असेल, तर संस्था रीतसर नोंदवावी. संस्था नोंदणी कायदा १८६० प्रमाणे किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. नोंदणी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज हे कर्तव्य येते. हे झेपणार नसेल, तर समितीने पैसाच घेऊ नये. प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च सदस्यांनी वर्गणीतून करावा. नोंदणी नसलेली, पैसा न हाताळणारी समिती अनेकदा जास्त काळ टिकते.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून ही प्रथा आहे. ध्वजदिन निधी हा सरकारी निधी आहे आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पावतीवरच गोळा होतो. समितीने शाळा, बँका, बाजार समिती यांना आवाहन करावे, पण स्वतःची पावती फाडू नये. आणि कोणाच्याही कामाचे शंभर रुपयेही घेऊ नयेत. वीरपत्नीने खुशीने दिलेले पेढे चालतात. पाकीट चालत नाही.

कॅन्टीनच्या कोट्यावरूनही समित्यांत फूट पडते. कोट्यातल्या दारूच्या बाटल्या बाहेर विकणे हा कायद्याचा भंग आहे आणि त्यात गुंतलेल्या सदस्याला पद देऊ नये. निवडणुकीला उभा राहणारा पदाधिकारी निकाल लागेपर्यंत पदावरून बाजूला होईल, हा नियम पहिल्याच इतिवृत्तात लिहून सह्या घ्याव्यात. पुढारी सत्काराला आले तर यावेत. समितीच्या रजिस्टरला त्यांचा हात लागू नये.

बैठक महिन्यातून एकदा, तेल्हाऱ्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. गावाकडची माणसे तशीही येतात. बैठकीत भाषण नको. रजिस्टर उघडायचे, मागच्या महिन्यातल्या अपूर्ण कामांची नावे वाचायची, प्रत्येकासमोर कोणाची जबाबदारी आणि पुढची तारीख लिहायची. जे काम तीन महिने हलले नाही ते कल्याण अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायचे आणि आवकवर शिक्का घ्यायचा. आठ-दहा कार्यकर्ते पुरेत, पण त्यांत किमान तीन बाया हव्यात आणि एक तरी संगणक येणारा तरुण, मग तो सैनिकाच्या घरचा नसला तरी चालेल.

इतर देशांतले दाखले

हे काम जगात इतरत्रही स्वयंसेवकच करतात. ब्रिटनमध्ये १८८५ साली स्थापन झालेल्या एसएसएएफए या संस्थेचे प्रशिक्षित स्वयंसेवक सैनिकांच्या घरी जातात, गरज लिहून घेतात आणि रेजिमेंटच्या व इतर निधींतून मदत मिळवून देतात. १९२१ साली स्थापन झालेल्या रॉयल ब्रिटिश लिजनच्या गावोगाव शाखा आहेत. अमेरिकेत १९७२ पासून संरक्षण खात्याची एक यंत्रणा प्रत्येक राज्यात स्वयंसेवकांच्या समित्यांमार्फत राखीव सैनिक आणि त्यांचे मालक यांच्यातले वाद मिटवते. आपल्याकडे प्रादेशिक सेनेत नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्यांना असे साहाय्य उपयोगी पडेल. या तिन्हीकडून घेण्यासारखी गोष्ट एकच : स्वयंसेवकाला आधी शिकवा, मग घरी पाठवा. पीपीओ वाचता न येणारा कार्यकर्ता सद्भावनेने चुकीचे सांगतो आणि त्याची किंमत म्हातारी मोजते.

तालुक्यात समिती काढायची असेल तर हार, मंडप आणि फ्लेक्स वर्षभर बाजूला ठेवा. आपल्या गावातल्या सर्वांत वयस्कर वीरपत्नीच्या घरी जा, तिच्या पेटीतले चार कागद बाहेर काढा आणि नावे जुळतात का ते पाहा. येत्या नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला ‘स्पर्श’वर पोचल्याची खात्री करा आणि मग तिचे नाव रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. समिती स्थापन झाली असे तेव्हाच म्हणा.